इच्छित स्थळी न पोचण्याचे शास्त्र

वेब सर्व्हरवरचा रिडायरेक्ट म्हणजे ‘मागितलेले पान इथे नाही, तिकडे जा’ असे ब्राउझरला मिळालेले उत्तर. त्यात कामाच्या गोष्टी दोनच असतात : एक तीन आकडी क्रमांक आणि एक नवा पत्ता. ब्राउझर स्वभावाने आज्ञाधारक. ‘आत्ताच तर तिकडून आलो’ असे तो म्हणत नाही. सांगितलेल्या पत्त्यावर निमूटपणे जातो. तिथल्या नियमाने त्याला पुन्हा पहिल्या पत्त्याकडे पिटाळले की जे सुरू होते त्याला रिडायरेक्ट लूप म्हणतात. पडद्यावर ‘फार जास्त वेळा पुनर्निर्देशित केले’ अशा अर्थाचा संदेश उमटतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या माणसाला ही कल्पना वेगळी समजावून द्यावी लागत नाही. तो शीळफाट्यावरून जातो.

शीळफाटा म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात एक चौक असतो; जागेवर दोन आहेत. महापेकडचा रस्ता जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला मिळतो तो शीळफाटा, आणि तिथून हाकेच्या, म्हणजे इथल्या हिशेबाने हॉर्नच्या अंतरावर कल्याणचा रस्ता फुटतो तो कल्याण फाटा. त्यात डोंगराला वळसा घालून येणारा मुंब्रा बायपास आपली भर टाकतो. उरणच्या बंदरातून भिवंडीकडे निघालेला कंटेनर, पलावाच्या गृहसंकुलातून महापेच्या कंपनीत निघालेला संगणक अभियंता आणि खिडकाळेश्वराच्या दर्शनाला निघालेले कुटुंब यांची गाठ इथे पडते आणि बराच वेळ सुटत नाही. यांतला अभियंता कंपनीत पोचून दिवसभर जे नियम लिहितो, त्यांचा उत्तम नमुना त्याला वाटेत फुकट पाहायला मिळतो. मात्र त्या वेळी तो मोबाइलमध्ये नकाशा बघत असतो.

नियमाची रचना

तो नमुना म्हणजे वाहतूक बदलाची अधिसूचना. रस्त्याचे काम निघाले, गर्डर टाकायचा असला किंवा विसर्जनाच्या मिरवणुका असल्या की ती निघते आणि वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून येते. तिचा साचा ठरलेला असतो. आधी ‘प्रवेश बंद’ : अमुक दिशेने येणाऱ्या जड-अवजड वाहनांना अमुक ठिकाणी प्रवेश बंद करण्यात येत आहे. मग ‘पर्यायी मार्ग’ : सदरची वाहने तमुक मार्गे इच्छित स्थळी जातील. शेवटी सवलत : ही अधिसूचना पोलीस वाहने, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि अत्यावश्यक सेवेतील वाहनांना लागू राहणार नाही. आणि त्याखाली, ती किती तारखेपर्यंत अमलात राहील.

सर्व्हरवरचा रिराइट रूल हुबेहूब असाच असतो. कोणता पत्ता अडवायचा, त्याऐवजी कुठे पाठवायचे, कोणाला सोडून द्यायचे आणि हे कशा स्वरूपात करायचे, असे त्याचे चार भाग. अपाची या सर्व्हरमध्ये हे काम मॉड-रिराइट नावाचा भाग पाहतो. राल्फ एंगेलशाल यांनी तो एप्रिल १९९६ मध्ये लिहिला आणि जुलै १९९७ मध्ये अपाची ग्रुपला देऊन टाकला. तो इतके काही करू शकतो की नेमके काय करतो आहे हे कळेनासे होते, आणि त्याच्या जुन्या माहितीपुस्तिकेतही त्याची गणना गमतीने जादूटोण्यातच केलेली होती. २००४ मध्ये आलेल्या एन्जिनएक्स या दुसऱ्या सर्व्हरमध्ये रिराइट आणि रिटर्न अशा दोन सुटसुटीत आज्ञा आहेत. त्यामुळे चुका कमी होतात असे नाही. त्या कमी ओळींत मावतात.

अपाचीतली एक गोष्ट नवशिक्याला हमखास चकवते. ‘कोणाला वगळायचे’ ही अट फाइलमध्ये नियमाच्या वर लिहायची असते, पण सर्व्हर आधी नियमातला पत्ता जुळतो का ते पाहतो आणि मग अटीकडे वळतो. शिवाय अट फक्त तिच्या लगेच खालच्या एका नियमापुरती असते. लिहिणाऱ्याचा समज असा की वर एकदा ‘रुग्णवाहिका वगळून’ म्हटले की खालचे सगळे नियम तिला वाट देतील. प्रत्यक्षात पहिला नियम तिला सोडतो आणि दुसरा अडवतो.

आतला आणि बाहेरचा बदल

पत्ता बदलण्याचे प्रकार दोन. पहिल्यात सर्व्हर आतल्या आत दुसरी फाइल उचलून देतो आणि ब्राउझरला त्याचा पत्ताच लागत नाही. वरच्या पट्टीत जुनाच पत्ता राहतो. याला रिराइट म्हणतात. दुसऱ्यात ब्राउझरला परत पाठवून नव्याने यायला सांगतात. हा रिडायरेक्ट.

फेरा, म्हणजे लूप, दोन्हीकडे पडतो, पण लक्षणे वेगळी. आतल्या आत फिरणारी मागणी अपाची साधारणपणे दहा वेळा सहन करतो आणि मग ५०० क्रमांकाची चूक देऊन हात वर करतो. एन्जिनएक्सचा संयमही दहापर्यंतच. ब्राउझर बाहेरच्या बाहेर फिरत असेल तर क्रोम आणि फायरफॉक्स वीस वेळा जातात. १९९७ च्या एचटीटीपी मानकात पाच वेळांपेक्षा जास्त जाऊ नये असा सल्ला होता. पुढे आकडा काढून टाकला आणि फेरा ओळखून थांबावे एवढेच ठेवले. कर्ल हे आज्ञा देऊन चालवायचे साधन मागोमाग जायला सांगितले तर पन्नास वेळा जाते. म्हणून पडद्यावर ‘५००’ दिसले तर घोळ सर्व्हरच्या पोटात आहे, आणि ‘फार जास्त वेळा’ दिसले तर तो चव्हाट्यावर आला आहे, एवढे निदान काही न उघडता करता येते.

फेरा पडण्याचे मूळ कारण सर्व्हरच्या विस्मरणात आहे. एचटीटीपीत प्रत्येक मागणी नवी. मगाशी हाच इसम येऊन गेला याची नोंद उत्तर देताना कोणी पाहत नाही. फाट्यावर निदान संवाद होतो.

‘साहेब, मगाशी तुमच्याच माणसानं इकडं पाठवलं.’

‘कोणी?’

‘त्या पलीकडच्या फाट्यावरच्यांनी.’

‘मग त्यांनाच जाऊन विचार. चल, गाडी पुढं घे.’

ड्रायव्हर तिसऱ्या वेळेला आला की तोच हवालदार त्याला ओळखतो, कपाळाला हात लावतो आणि बॅरिकेड बाजूला करतो. सर्व्हरकडे कपाळ नाही. दोन्ही चौकांतले दोन्ही नियम आपापल्या जागी अचूक असतात, आणि दोन्हीकडे एकाच वेळी उभा असलेला कोणी नसतो.

साखळी आणि फेरा

प्रत्येक लांब वळसा म्हणजे फेरा नव्हे. एका पत्त्यावरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, आणि तिथे पान सापडले, तर ती साखळी. तिचे उदाहरण या भागाने २०१८ मध्ये प्रत्यक्ष जगून पाहिले. मे महिन्यात मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद झाला आणि त्यावरची वाहने ऐरोली, महापे, कल्याण अशी वेगवेगळ्या रस्त्यांना वाटून दिली गेली. ऑगस्टमध्ये कल्याणचा शंभरी ओलांडलेला पत्री पूल धोकादायक म्हणून वाहतुकीला बंद करावा लागला. पर्यायी मार्गालाच पर्याय शोधण्याची वेळ आली. सप्टेंबरमध्ये बायपास उघडला, नोव्हेंबरमध्ये जुना पूल पाडला आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. या काळात वाहने पोचली नाहीत असे झाले नाही. ती पोचली, आतला माणूस मात्र ज्या कामाला निघाला होता ते काम तोवर विसरला.

संकेतस्थळाच्या साखळ्या अशाच तयार होतात. २०१५ मध्ये कोणी जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवले, २०१८ मध्ये दुसऱ्याने त्या नव्यावरून आणखी नव्यावर, आणि २०२२ मध्ये तिसऱ्याने एचटीटीपीएस आणले. प्रत्येकाने शेवटच्या टोकाला एक गाठ मारली. पहिल्याच नियमात शेवटचा पत्ता घालावा, हे कोणाला सुचले नाही. साखळी लांब असेल तर पान उशिरा उघडते. तिचे शेवटचे टोक कोणी चुकून पहिल्याला जोडले की तिचा फेरा होतो.

तात्पुरते आणि कायमचे

तीन आकडी क्रमांकांपैकी चार महत्त्वाचे. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला, ३०२ म्हणजे तात्पुरता. ३०८ आणि ३०७ यांचे अर्थही अनुक्रमे तेच, पण ते मागणीची पद्धत बदलू देत नाहीत. हा फरक पैशाशी संबंध येईपर्यंत कोणाला कळत नाही. फॉर्म भरून पाठवला आणि सर्व्हरने ३०१ किंवा ३०२ दिला, तर ब्राउझर नव्या पत्त्यावर जातो तो सहसा फॉर्मातला मजकूर मागे टाकून. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या संकेतस्थळावर रहिवाशाने देखभाल शुल्काची रक्कम, सदनिका क्रमांक, तिमाही असे सगळे भरून बटण दाबावे, आणि समोर तोच फॉर्म कोरा होऊन यावा, याचे कारण बहुधा हेच. खजिनदार याला रहिवाशांची टाळाटाळ समजतात.

रस्त्यावर तात्पुरता पर्यायी मार्ग कायमचा होतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. सर्व्हरवर उलटे घडते : तात्पुरता म्हणून टाकलेल्या नियमाला कायमचा क्रमांक दिला जातो. ब्राउझर ३०१ चा शब्द प्रमाण मानतो आणि वेगळी मुदत सांगितली नसेल तर तो आपल्या कॅशमध्ये साठवून ठेवतो. पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच नव्या पत्त्याकडे वळतो. मग चुकीचा नियम काढून टाकला तरी ज्यांनी तो एकदा पाहिला त्यांच्याकडे फेरा चालूच राहतो. संकुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात याची प्रचीती येते. ‘साइट उघडत नाही.’ ‘माझ्याकडे तर उघडते.’ ‘कॅश क्लिअर करा काका.’ ‘अरे बाळा, मी कॅश कधी देत नाही, चेकनेच भरतो.’ चारही विधाने खरी असतात.

यावरचा साधा नियम असा : तपासणी चालू असताना ३०२ वापरावा आणि सगळे सुरळीत झाल्यावरच ३०१ करावा. अपाचीच्या रिराइट नियमात क्रमांक लिहिला नाही तर तो आपणहून ३०२ देतो. यंत्राला जेवढा विवेक आहे तेवढा लिहिणाऱ्याने राखला तरी पुरे.

फेऱ्याची नेहमीची कारणे

पहिला मान एचटीटीपीएसचा. संकेतस्थळापुढे बहुधा एक मध्यस्थ सर्व्हर असतो. पाहुणा मध्यस्थापर्यंत सुरक्षित मार्गाने येतो; मध्यस्थ मात्र आतल्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलतो. आतल्या सर्व्हरवर नियम असतो की साध्या मार्गाने येणाऱ्याला प्रवेश बंद, त्याने सुरक्षित मार्गाने यावे. पाहुणा आधीच सुरक्षित मार्गाने आलेला असतो. तो पुन्हा तसाच येतो, मध्यस्थ पुन्हा त्याला साध्या दाराने आत नेतो, आणि आतून पुन्हा तेच उत्तर. या फेऱ्याची खूण अशी की मागितलेला पत्ता आणि ‘तिकडे जा’ म्हणून सांगितलेला पत्ता अक्षरशः एकच असतो. काटई नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला काटई नाक्यावर जायला सांगण्यासारखेच ते. उपाय दोन. मध्यस्थ आणि आतला सर्व्हर यांच्यातला मार्गही सुरक्षित करावा. किंवा पाहुणा मुळात कोणत्या मार्गाने आला याची जी चिठ्ठी मध्यस्थ मागणीला जोडतो, ती नियमाने वाचावी. मात्र ती चिठ्ठी आपल्याच मध्यस्थाकडून आली असेल तरच मानावी, कारण तसली चिठ्ठी कोणालाही लिहिता येते.

दुसरे कारण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू. पत्त्याआधी ही तीन अक्षरे लावायची की नाही यावर दोन मते असतात आणि दोन्ही अमलात येतात. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये एकाने ‘अक्षरे लावा’ अशी खूण केलेली असते, आणि फाइलमध्ये दुसऱ्याने ‘अक्षरे काढा’ असा नियम लिहिलेला असतो. वर्डप्रेसमध्ये यात तिसरा वाटेकरी येतो : संकेतस्थळाचा पत्ता त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्येही दोन ठिकाणी नोंदलेला असतो आणि त्या नोंदीप्रमाणे तो पाहुण्याला आपल्याला हव्या त्या रूपाकडे वळवतो. सर्व्हर एकीकडे ओढतो, वर्डप्रेस दुसरीकडे. निर्णय कोणताही चालतो. तो एकाच ठिकाणी असावा लागतो.

तिसरे कारण पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ. पत्ता एखाद्या फोल्डरचा असेल तर अपाची आपणहून शेवटी रेघ जोडून पाठवतो. पत्ते नीटनेटके दिसावेत म्हणून कोणी तरी रेघ काढून टाकण्याचा नियम लिहिलेला असतो. एक जोडतो, एक काढतो, आणि एवढ्याशा रेघेवरून वीस फेऱ्या होतात.

चौथे कारण देखभालीचे पान. संकेतस्थळाचे काम चालू असताना सगळ्यांना एका पानावर पाठवायचे ठरते. नियम लिहिला जातो : कोणताही पत्ता आला तरी त्याला देखभालीच्या पानावर पाठवा. ‘कोणताही’ या शब्दात देखभालीचे पानही येते. ते उघडायला गेलेल्या पाहुण्याला सर्व्हर नम्रपणे देखभालीच्या पानावर पाठवतो. पान वगळले तरी त्यावरचे चित्र आणि सजावटीची फाइल वगळायची राहते, आणि पान उघडते ते फाटके-तुटके. मुळात या कामाला रिडायरेक्ट हवाच असे नाही. आहे त्याच पत्त्यावर ५०३ क्रमांकासह ‘थोड्या वेळाने या’ सांगितले तर पाहुणा जागच्या जागी थांबतो आणि शोधयंत्रांनाही परिस्थिती तात्पुरती आहे हे कळते. वाहतूक अधिसूचनेत अत्यावश्यक सेवेची ओळ कधी विसरली जात नाही. संगणकातल्या माणसाने तिच्यापासून धडा घ्यावा असे ते स्थळ आहे. नियम कोणाला लागू नाही हे आधी ठरवावे, कोणाला लागू आहे ते मग. त्या वगळायच्या यादीत पहिले नाव इच्छित स्थळी पोचलेल्याचे असावे.

पाचवे कारण अपाचीच्या ‘एल’ खुणेचे. हा शेवटचा नियम, पुढचे पाहू नका, असा तिचा अर्थ. फोल्डरमध्ये ठेवलेल्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये मात्र बदललेला पत्ता घेऊन सर्व्हर नियमांच्या पहिल्या ओळीपासून नवी फेरी सुरू करतो. ‘शेवटचा’ म्हणजे या फेरीपुरता शेवटचा. सभेत ‘शेवटचा मुद्दा’ म्हणून उभ्या राहिलेल्या सभासदाशी ज्यांची ओळख आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. अपाचीच्या २.४ आवृत्तीत यासाठी ‘एंड’ अशी वेगळी खूण आली. ती खरोखरच थांबते.

सहावे कारण लॉगिनचे. पाहुणा आपल्या खात्याचे पान मागतो. ओळखीची चिठ्ठी, म्हणजे कुकी, नाही म्हणून त्याला लॉगिनकडे पाठवतात. लॉगिन म्हणते तुम्ही तर आत आहात आणि खात्याकडे पाठवते. कुकी एका रूपाच्या पत्त्यासाठी दिली आणि दुसऱ्या रूपाच्या पत्त्यावर मागितली की हे घडते. नियमांची फाइल कितीही वाचली तरी इथे काही सापडत नाही, कारण दोष तिच्यात नसतो.

एकाच नावाची दोन ठिकाणे

शीळफाटा नावाचे आणखी एक ठिकाण खोपोलीला आहे, तेही जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरच. एकाच रस्त्यावर दोन शीळफाटे असल्यामुळे पनवेलला गाडीत बसणाऱ्याने नुसते नाव सांगून भागत नाही. ‘कल्याणचा की खोपोलीचा’ हे उलट विचारले जाते. हा प्रश्न सर्व्हरनेही विचारायला हवा. दोन-तीन डोमेन एकाच फोल्डरकडे वळवलेली असतात आणि नियम फक्त पत्त्याच्या मागच्या भागावर लिहिलेला असतो. एका डोमेनसाठी लिहिलेला नियम मग दुसऱ्याच्या पाहुण्यालाही लागतो. होस्ट कोणता, ही अट घातल्याशिवाय असा नियम लिहू नये. त्याहून बरे, प्रत्येक डोमेनचा सर्व्हर-विभागच वेगळा ठेवावा. मग अटच लागत नाही.

देवनागरी पत्त्यांचे दुखणे आणखी निराळे. ब्राउझरच्या पट्टीत ‘शीळफाटा’ सात चिन्हांत मावतो. तारेवरून जाताना प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा रूपात लिहिला जातो. सातांची ६३ अक्षरे होतात. रिडायरेक्ट देताना अपाची विशेष चिन्हांचे पुन्हा असे रूपांतर करतो. नियमाने मूळ मागणीची ओळ जशीच्या तशी उचलली असेल, तर आधीच रूपांतर झालेल्या टक्क्याच्या चिन्हाचेच पुन्हा रूपांतर होते. ६३ चे १०५, १०५ चे १४७, असा पत्ता प्रत्येक फेरीला ४२ अक्षरांनी फुगत जातो, आणि विसाव्या फेरीला ब्राउझर थांबतो तेव्हा शीळफाटा ९०३ अक्षरांचा झालेला असतो. फाट्यावरची रांगही साधारण तेवढीच वाढलेली असते. ‘पुन्हा रूपांतर करू नका’ सांगणारी ‘एनई’ खूण त्यासाठीच आहे.

यात शुद्धलेखनाचाही वाटा असतो. फलकांवर शीळ आणि शिळ दोन्ही दिसतात. एका नियमाने ऱ्हस्वाचे दीर्घ करावे आणि दुसऱ्या कुणाच्या प्लगिनने दीर्घाचे ऱ्हस्व, एवढ्यावर फेरा पडू शकतो. मराठी माणसाचा व्याकरणाचा वाद संपत नाही हे माहीत होतेच. इथे निदान विसाव्या फेरीला तो संपतो.

निदानाचा क्रम

पहिली पायरी, आपल्या नेहमीच्या ब्राउझरवर विश्वास ठेवू नये. त्याच्या कॅशमध्ये जुने ३०१ आणि जुन्या कुकी असतात. खाजगी खिडकी उघडावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे कर्लला उत्तराची फक्त शीर्षके (हेडर) मागावीत.

दुसरी पायरी, मागोमाग जाऊ नये. एका वेळी एकच उडी घ्यावी आणि कागदावर तीन रकाने करून लिहावे : काय मागितले, कोणता क्रमांक आला, कुठे जायला सांगितले. नमुना म्हणून, साधा पत्ता मागितला, ३०१, सुरक्षित पत्ता, तीन अक्षरांशिवाय. तो मागितला, ३०१, सुरक्षित पत्ता, तीन अक्षरांसह. तो मागितला, ३०१, सुरक्षित पत्ता, तीन अक्षरांशिवाय. तिसऱ्या ओळीला हात थांबतो. भांडण कोणा दोघांचे आहे ते दिसले. बहुतेक फेरे चार ओळींच्या आत पकडता येतात. सगळी फाइल बदलून पाहणाऱ्याची मात्र संध्याकाळ जाते.

तिसरी पायरी, उत्तर कोणी दिले ते पाहावे. शीर्षकांमध्ये सर्व्हरचे नाव बहुधा असते. मध्यस्थाने दिले, अपाचीने की वर्डप्रेसने, हे त्यावरून आणि इतर खुणांवरून ठरते. चुकीच्या फाट्यावरच्या हवालदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी, लॉग. अपाची २.४ मध्ये रिराइटची लॉगपातळी ‘ट्रेस ३’ किंवा त्यापुढे नेली की प्रत्येक नियमाने पत्त्याचे काय केले ते ओळीने वाचायला मिळते. एन्जिनएक्समध्ये रिराइट लॉग चालू करून त्रुटींच्या लॉगची पातळी ‘नोटिस’वर ठेवावी लागते. काम झाल्यावर हे बंद करायला विसरू नये, कारण गजबजलेल्या संकेतस्थळावर ही लॉगफाइल डिस्क भरून टाकते आणि मग संकेतस्थळ वेगळ्याच कारणाने बंद पडते.

पाचवी पायरी, एका वेळी एकच बदल. तीन नियम एकदम बदलले आणि फेरा सुटला तर कशामुळे सुटला ते कळत नाही; आणि पुढच्या वेळी तिन्ही पुन्हा बदलले जातात.

दुरुस्ती आणि निगा

दुरुस्तीचे तत्त्व छोटे आहे. संकेतस्थळाचे एकच अधिकृत रूप ठरवावे : सुरक्षित मार्ग, तीन अक्षरे हवीत की नकोत, शेवटची रेघ हवी की नको. इतर सगळ्या रूपांवरून त्या रूपाकडे एकाच उडीत न्यावे, आणि हे काम एकाच ठिकाणी ठेवावे. अपाचीच्या माहितीपुस्तिकेतच मॉड-रिराइट कधी वापरू नये यावर वेगळे प्रकरण आहे. एक डोमेन दुसऱ्याकडे वळवायला साधी ‘रिडायरेक्ट’ आज्ञा पुरते. एन्जिनएक्समध्येही अशा ठिकाणी ‘रिटर्न’ वापरावी. ती पत्ता जुळवत बसत नाही.

जुने पत्ते लगेच तोडू नयेत. चांगला पत्ता बदलत नाही असे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते. बदलावाच लागला तर रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवावा, असा गूगलचा सल्ला आहे.

प्रत्येक नियमाच्या वर एका ओळीत तो कोणी, कधी, कशासाठी टाकला आणि कधी काढायचा, हे लिहावे. अधिसूचनेच्या तळाशी मुदत असते. नियमांच्या फाइलमध्ये ती नसते, म्हणून संकुलाची कार्यकारिणी तीनदा बदलली तरी पहिल्या सचिवांच्या भाच्याने ‘फक्त गणपतीपुरता’ टाकलेला नियम तिथेच असतो. तो काढला तर काय होईल ते कोणालाच माहीत नसते, आणि त्यामुळे प्रत्येक नवा माणूस त्याच्याखाली आपला एक नियम लिहितो.

शेवटी पडताळणी. साधा आणि सुरक्षित, अक्षरांसह आणि अक्षरांशिवाय, रेघेसह आणि रेघेशिवाय, अशी एका पानाची आठ रूपे होतात. आठही कर्लला द्यावीत. अधिकृत रूपाला थेट २००, म्हणजे ‘पान सापडले’ हा क्रमांक, यायला हवा आणि उरलेल्या सातांना एकच रिडायरेक्ट व मग २००. त्यानंतर देखभाल शुल्काचा फॉर्म एकदा प्रत्यक्ष भरून पाहावा आणि पावती आली की ३०२ चे ३०१ करावेत.